लिहून नेणारी मुलं

रात्रीचे साडेनऊ-पावणेदहा झाले असतील. फोनवर एका विद्यार्थिनीची आई होती. आवाजात राग नव्हता. पण तो दाबून धरलेला आहे, हे कळत होतं. ‘‘मॅडम, पोरगी दोन दिवसांपासून धड जेवून नाही राहिली. त्या बाईच्या घरून आली तेव्हापासून नुसती बसून आहे. तुमचा तो प्रोजेक्ट आहे म्हणते. मानसशास्त्र शिकवता ना तुम्ही?’’

शेवटचं वाक्य टोमणा म्हणून आलं की भाबडेपणानं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. लागलं मात्र टोमण्यासारखंच.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. वर्धा जिल्ह्यात मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून प्रात्यक्षिकांच्या जोडीला आम्ही एक छोटा प्रकल्प करून घेत असू. चार-पाच जणांना भेटायचं, त्यांना मोकळं बोलू द्यायचं, ते बोलणं जसंच्या तसं उतरवून काढायचं आणि मग त्यातून काय दिसतं ते लिहायचं. यालाच पुस्तकात गुणात्मक संशोधन म्हणतात. आकडे नाहीत, कोष्टकं नाहीत, म्हणून मुलांना वाटतं सोपं आहे. ज्यांची गणिताशी दुष्मनी आहे, ती पोरं आधी हात वर करतात.

या मुलीनं विषय घेतला होता, ‘आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी ताणाला कशा सामोऱ्या जातात’. विषय मीच मंजूर केला होता. आपल्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम यांच्या पंगतीत वर्धाही होता. अशा पंगतीत बसण्याची हौस कोणत्या जिल्ह्याला असेल? तेव्हापासून या घरांमध्ये किती माणसं वह्या घेऊन येऊन गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पत्रकार आले, पुढारी आले, पीएच.डी. करणारे आले, संस्थावाले आले. आणि आता बी.ए.ची मुलं.

चूक माझी होती, ती आधीच सांगून टाकते. प्रश्न कसे विचारायचे, हे मी तिला शिकवलं होतं. संमतिपत्रावर सही कशी घ्यायची, मोबाइल कुठं ठेवला म्हणजे आवाज नीट येतो, हेही सांगितलं होतं. समोरची बाई रडायला लागली तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. आणि ऐकणारीच आतून हलली तर काय, हा विचार तर माझ्या मनातही आला नव्हता. मुलगी वीस वर्षांची. तीही शेतकऱ्याच्याच घरातली. दुसऱ्या दिवशी मी तिला घरी बोलावलं, चहा केला. बराच वेळ ती कपाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्या बाबांवरही कर्ज आहे.’’

चाळीस मिनिटांची मुलाखत होती. ती आम्ही दोघींनी बसून ऐकली. सुरुवातीलाच संमतिपत्राचा कागद पुढं केल्याचा आवाज येतो आणि बाई विचारते, ‘‘सही कायची? ह्याचे पैसे येतीन का?’’ मुलगी सांगते, ‘‘नाही काकू, हे कॉलेजचं आहे.’’ ‘‘असू दे. कितीक आले अन् लिहून गेले. तू बी लिहून ने.’’

हे ऐकताना मला प्रथमच लख्ख कळलं की या बाईला प्रश्न विचारणारं माणूस म्हणजे काय वाटत असेल. शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रत्येक आत्महत्येची चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. शेत कोणाच्या नावावर, कर्ज कोणाकडून, दारू पीत होता का, घरात भांडण होतं का? या बाईनं या प्रश्नांची उत्तरं नवऱ्याच्या तेराव्याच्या आत देऊन झालेली होती. त्यानंतर आमची मुलगी जाऊन विचारते, ‘तुम्हाला झोप कशी लागते?’ ही मुलगी तरी कशावरून पात्र-अपात्र ठरवायला आली नसेल? पुस्तकातलं ‘माहितीपूर्ण संमती’ हे प्रकरण मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्याचा अर्थ त्या एका वाक्यानं शिकवला.

आता थोडं आमच्या प्रयोगशाळेविषयी, म्हणजे ही मुलं मुलाखतीपर्यंत कुठून येतात ते कळेल. मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं म्हणजे काय, असं घरची माणसं कौतुकानं विचारतात. आरशात बघून चांदणी गिरवायची आणि किती चुका होतात ते मोजायचं. दोन सारख्या लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. त्या लहानमोठ्या का दिसतात ते बघायचं. निरर्थक अक्षरं पाठ करायची. उत्तर काय यायला हवं, ते आधीच ठाऊक असतं. न आलं तर मागच्या वर्षीच्या ताईची जर्नल असतेच! कित्येक वर्षं मी अशा जर्नलांवर सह्या केल्या. कोणाला त्रास झाला नाही, कोणाची आई रात्री फोन करीत नव्हती.

मुलाखतीचं तसं नाही. तिथं पुढं काय येणार, ते कोणालाच माहीत नसतं. मुलांना पहिला धक्का तोच बसतो. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला होता, ‘‘मॅडम, मी विचारलं एक अन् आजोबा सांगत बसले बैलाचं. अर्धा तास बैलच.’’ मी म्हटलं, ‘‘मग बैलाचंच लिही.’’ त्याला ते पटलं नाही. बैल विकला त्या दिवसापासून आजोबांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं, हे त्याला तिसऱ्यांदा ध्वनिफीत ऐकताना कळलं. त्याचा विषय होता ‘वृद्धांमधील एकाकीपणा’.

अर्थात सगळेच इतक्या खोलात जात नाहीत. एकानं पाचही मुलाखती एका रात्रीत स्वतःच लिहून काढल्या होत्या. पाच माणसं, वयं वेगळी, गावं वेगळी, आणि पाचही जण म्हणतात, ‘त्यामुळे माझ्या आत्मसन्मानावर विपरीत परिणाम झाला.’ देवळी तालुक्यातला भाजीवाला असं बोलत असेल, तर मराठी भाषेचं भवितव्य उज्ज्वल आहे, एवढंच मी शेऱ्यात लिहिलं. आता तर हातातला फोनच पाच काय, पन्नास मुलाखती मिनिटात लिहून देतो, आणि त्या या पोराच्या मुलाखतींपेक्षा बऱ्या वठतात. त्यामुळे जाड फायलीला मार्क द्यायची आपली जुनी सवय आता फारच महागात पडणार आहे.

पण लबाडी करणाऱ्यांपेक्षा मला प्रामाणिक मुलांची जास्त काळजी वाटते. प्रामाणिक मुलं काय करतात? बोललेलं ‘शुद्ध’ करतात. त्या काकू रेकॉर्डिंगमध्ये म्हणतात, ‘‘मले रातच्यानं झोपच येऊन नाही राहिली. जीव थाऱ्यावर नाही राहत.’’ आमच्या मुलीनं वहीत उतरवलं होतं, ‘मला निद्रानाशाचा त्रास होतो व चिंता वाटते.’ मुलगी स्वतः घरी हीच बोली बोलते. तिची आई फोनवर हीच बोलली. पण कॉलेजच्या कागदावर ‘मले’ लिहायचं म्हणजे मार्क जातील, ही भीती. भीती कोणी घातली? आम्हीच, पहिलीपासून. ‘येऊन नाही राहिली’ यात जे चालू असणं आहे, कालही नव्हती, आजही नाही, आत्ता तुझ्याशी बोलतानाही ती मी वाटच बघतेय, असं जे काही आहे, ते ‘निद्रानाश’ या शब्दात पार मरून जातं. आणि ‘काहून’चं ‘का’ केलं की त्यातली सगळी तक्रार निघून जाते. ज्याला माणसाचं बोलणं हाच पुरावा मानायचा आहे, त्यानं पुरावाच धुऊन टाकला तर उरलं काय?

मग मुलीनं सगळं पुन्हा उतरवून काढलं. चाळीस मिनिटांच्या बोलण्याला तिला चार-पाच दिवस लागले. जिथं बाई गप्प होती, तिथं ‘गप्प’ असं लिहिलं. वाचताना ते ‘गप्प’ मोजले तर सतरा निघाले. त्यानंतर तिनं मथळे पाडले. पहिला मथळा होता ‘सहनशीलता’, दुसरा ‘देवावरील श्रद्धा’, तिसरा ‘मुलांसाठी जगणं’. छान, नीटनेटकं, पुस्तकात शोभेल असं.

मी तिला म्हटलं, आपण दोघी त्यांच्याकडे पुन्हा जाऊ आणि हे वाचून दाखवू.

जाताना मला संकोच होता. बाई दारात येऊ देईल का? तिनं चटई अंथरली. मुलगी वाचत गेली, बाई मान हलवत ऐकत होती. स्वतःचेच शब्द ऐकताना एकदा तर चक्क हसली. ‘सहनशीलता’ आली तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. ‘‘सहन कायचं? वावर अजून माह्या नावावर झालं नाही. सासऱ्याचं नाव आहे त्यावर. मी हेलपाटे घालून राहिली. ते लिहिलं का?’’

लिहिलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये ते होतं, तीन वेळा होतं. तलाठ्याकडं जाणं, फेरफार, सातबारा, दिराचा नकार, शेत नवऱ्याच्या नावावर नाही म्हणून बँकेनं परत पाठवणं. मुलीनं ते ‘विषयाला सोडून’ म्हणून बाजूला ठेवलं होतं; कारण विषय होता मन आणि सातबारा काही मनात नसतो. तसं बघितलं तर मीही ते ऐकलं होतंच. माझ्याही कानावरून ते गेलं. आम्हा मानसशास्त्रवाल्यांची ही जुनी खोड. माणसाचं दुखणं दिसलं की ते त्याच्या आत शोधायला लागायचं. बाई झोपत नाही ती नवरा गेला म्हणून, हे आम्ही दोघींनी गृहीत धरून टाकलेलं. बाई झोपत नव्हती कारण पेरणी तोंडावर आली होती आणि कर्ज मागायला कागद नव्हता.

परत येताना एस.टी.त मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आता सगळेच मथळे बदलावे लागतील.’’ त्या दिवशी तिनं डबा खाल्ला, हे मी मुद्दाम पाहिलं.

या मुलांचे प्रकल्प म्हणजे पोरखेळ, असं मानणाऱ्यांना मी नेहमी मारिएनथालची गोष्ट सांगते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ हे एक छोटं गाव होतं, सगळं गाव एका कापड गिरणीवर जगणारं. १९२९-३० मध्ये मंदीत गिरणी बंद पडली. मारी यहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही तरुण मंडळी तिथं गेली. यहोदाचं वय तेव्हा पंचविशीच्या आत. म्हणजे आमच्या मुलांहून फार मोठी नव्हे. त्यांनी लोकांच्या जेवणाच्या नोंदी ठेवल्या, आत्मकथनं लिहून घेतली, रस्त्यानं माणसं किती वेगानं चालतात, तेसुद्धा बघितलं. बेकार पुरुष सावकाश चालत आणि जागोजाग थांबत. बायकांना घरची कामं होतीच, त्या भरभर जात. वेळच वेळ झाला होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. काम गेलं की माणसाचा नुसता पैसा जात नाही, त्याचा दिवसच मोडतो, हे या पुस्तकानं १९३३ मध्ये सांगितलं.

पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची एक शिस्त. नुसता बघ्या म्हणून या गावात कोणी राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यानं त्यानं गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरी तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले. आणि हे करता करता ऐकलं.

पुलगाव, हिंगणघाट ही आपल्याकडची गिरण्यांची गावं. भोंग्यावर घड्याळ लावणारी एक अख्खी पिढी इथं होऊन गेली. माझ्या एका विद्यार्थ्यानं मारिएनथालचं ऐकून गिरणी कामगारांवर प्रकल्प घेतला. चार मुलाखती झाल्या, पाचवी मिळेना. मी विचारलं, ‘‘तुझे वडीलही गिरणीतच होते ना?’’ तो गप्प झाला. वडिलांशी असं बसून बोलण्याची रीत त्यांच्या घरात नव्हती. पंधरा दिवसांनी आला तो वेगळाच दिसत होता. म्हणाला, ‘‘बाबा तीन तास बोलले, मॅडम. मी रेकॉर्डर लावायचाच विसरलो.’’ तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘‘पाचव्या मुलाखतीची नोंद कुठं आहे? आणि पाच हा काय नमुना झाला?’’ मुलाला उत्तर देता आलं नाही. मीही तिथं काही बोलले नाही, याची रुखरुख आहे.

परीक्षकांचा प्रश्न अगदीच खोटा होता, असं मी म्हणणार नाही. पाच माणसांवरून जिल्ह्याचं काही सांगता येत नाही, हे खरंच आहे, आणि मुलांनी ते सांगूही नये. पण ‘यात तुझं मत मिसळलं’ हा जो दुसरा आक्षेप घेतात, त्याबाबत मात्र मुलं उगाच घाबरतात. एरिक एरिक्सननं १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावर लिहिताना त्या काळच्या हयात माणसांना गाठून बोलतं केलं. १९६९ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या मध्यावर या नामवंत मनोविश्लेषकाचा धीर सुटतो आणि तो चक्क दिवंगत गांधीजींनाच एक लांबलचक पत्र लिहितो, त्यांच्याशी वाद घालतो. आपलं मत लपवण्यापेक्षा ते असं उघड्यावर आणून ठेवलेलं बरं. आमच्या मुलीनंही आपल्या अहवालात शेवटी एक पान घातलं, ‘माझ्या वडिलांवर कर्ज आहे, म्हणून मी हे ऐकताना घाबरले होते.’ त्या पानाला मी हात लावला नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं, की नव्या शैक्षणिक धोरणानं क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडून घेणारे उपक्रम आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत संशोधन प्रकल्प हे सगळं महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आणलं आहे. कल्पना चांगली आहे. वर्ध्याला तर ती परकी वाटायला नको. हातानं काम करत शिकायचं, ही नई तालीमची कल्पना १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावच्या शिक्षण परिषदेत मांडली गेली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून डॉक्टर होणारी मुलं आधी आश्रमात राहतात, मग त्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात. ती घरं पुढंही त्यांचीच राहतात. एकदा लिहून नेलं आणि संपलं, असं होत नाही. माझ्या मते सगळा फरक तिथंच आहे.

कला शाखेच्या मुलांना मात्र आपण एक पत्र देतो, ‘सहकार्य करावे ही विनंती’, आणि गावात सोडून देतो. एका शिक्षकाकडे तीस-तीस, चाळीस-चाळीस मुलं. इतक्या ध्वनिफिती तो कधी ऐकणार? ऐकत नाहीच. मग फाईल मोजतो. मुलाखतींची संख्या पाच-दहावरून दोनवर आणा. पण त्या दोन्ही शिक्षकानं मुलाबरोबर बसून ऐकलेल्या असाव्यात आणि तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरला जावा. बोली जशीच्या तशी उतरवणाऱ्याला मार्क असावेत. लिहिलेलं नेऊन वाचून दाखवलं का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत पहिला असावा. आत्महत्या, मारहाण असले विषय कोवळ्या मुलांना देऊच नयेत का? मी खूप विचार केला. देऊ नयेत, असं म्हणणं सोपं आहे. पण ही मुलं त्याच घरांतून येतात, त्यांच्यापासून आपण काय लपवणार? द्यावेत, पण एकट्यानं पाठवू नये. आणि सरकारी रुग्णालयात मनाच्या आजारावर कोण बघतं, २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर कशासाठी आहे, हे मुलाला मुलाखतीला जाण्याआधी ठाऊक असावं. समोरच्यासाठी आणि त्याच्या स्वतःसाठीही.

त्या काकूंचं वावर पुढं नावावर झालं. आमच्या प्रकल्पामुळं नव्हे. त्या स्वतःच चिकाटीनं जात राहिल्या. मुलगी एकदा अर्ज लिहायला बरोबर गेली होती, एवढंच. तिला त्या प्रकल्पात बेताचेच मार्क मिळाले.

या दिवाळीनंतर तुमच्या दाराशीही कॉलेजचं पत्र हातात घेऊन असं एखादं पोर उभं राहील, चपला काढाव्यात की नाही, या विचारात. त्याला आत बोलवा. तुमच्याशीच बोलायला आलं असेल तर बोला. आजीशी बोलायला आलं असेल, तर दूरदर्शनचा आवाज तेवढा कमी करा. आणि जाताना विचारा, लिहून झालं की वाचून दाखवायला कधी येशील?